भिंतीपलीकडची सुरी

टँकर गल्लीत शिरला की बाया हंडे घेऊन पळायच्या, पोरं पाइप धरायला पळायची, आणि नाना मात्र हातात जर्मलचं वाडगं धरून सावकाश चालत यायचे. वाडग्यात एक काळा, चौकोनी दगड. गर्दीतून वाट काढत ते थेट टँकरच्या तोटीपाशी जायचे आणि म्हणायचे, "आधी ह्याला पाजा."

टँकरचा ड्रायव्हर परगावचा होता. पहिल्या दिवशी बिचाऱ्यानं चप्पल काढली, दगडाला हात जोडले आणि वाडगं काठोकाठ भरून दिलं. मग हळूच विचारलं, "कोणता देव म्हणायचा हो ह्यो?"

"देव न्हाई. धारेचा दगड हाय," नाना म्हणाले. "पाणी प्याला की मग कामाला लागतो."

पुढं जो गिल्ला झाला तो विचारू नका. "इथं आमची लेकरं बिनअंघोळीची फिरत्यात, अन् ह्यांचा दगड पाण्यात डुंबतोय!" असं एकीनं म्हटलं आणि मग सगळ्याच सुरू झाल्या. दुसरा कोणी असता तर वाडगं टाकून पळाला असता. नानांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "बाई, कोरड्या दगडावर घासली तर सुरी मरती. अंघोळ न्हाई घातली म्हणून लेकरू मरत न्हाई. उलट खुश ऱ्हातं."

मी समोरच राहते. अंगणवाडीची ताई आहे, त्यामुळं गावात सगळ्यांची ताईच, अगदी नानांचीसुद्धा, ते माझ्या वडलांच्या वयाचे असले तरी. माझा स्वभाव तोडून बोलायचा. मी मध्ये पडले आणि निकाल लावला. अंगणवाडीत रोज खिचडी शिजते, तिचे तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी रोज उरतं, ते नानांनी न्यावं आणि टँकरपाशी दगड घेऊन पुन्हा फिरकू नये. नानांनी वाडग्यातलं पाणी एकीच्या हंड्यात ओतलं आणि मला म्हणाले, "तांदळाचं पाणी चालंल. पण डाळीचं वायलं द्या. शिस्तीत."

तेव्हापासून मी नानांच्या दगडाची पाणीवाली झाले.

आमचं गाव नेकनूरच्या पुढं, फाट्यावर उतरून आत चालायचं. नाना म्हणजे गोडाऊनवाले नाना. खरेदी-विक्री संघाच्या गोडाऊनवर ते सगळी नोकरी राहिले. खत, बियाणं, पत्रे, खिळे, घमेली, सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांचा एक शब्द होता, 'चोख'. माल चोख पायजे. माणूस चोख पायजे. चहासुद्धा चोख पायजे. आणि जे चोख नाही त्याला तोंडावर सांगायचं. गिऱ्हाईक बियाण्याची पिशवी उचलायला लागलं की नाना म्हणायचे, "दादा, ही नगा घेऊ, गेल्या साली उगवली न्हाई." अशा माणसाला संघानं इतकी वर्षं ठेवलं कसं, हे मला कोडं आहे.

नाना रिटायर झाले तेव्हा सत्कार झाला. दुष्काळ पडलेला, संघाचं कंबरडं मोडलेलं. शाल कुठून तरी आणली, पण नारळाच्या जागी अध्यक्षांनी पेपरात गुंडाळलेली एक जड वस्तू नानांच्या हातात दिली. नानांनी स्टेजवरच पेपर सोडला. आत हा दगड. गोडाऊनच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेला, कुणी न घेतलेला. नानांनी तो उलटापालटा करून बघितला आणि माईकवर सांगितलं, "ह्यो माल आपल्याच गोडाऊनचा हाय. एका कोपऱ्याचा टवका उडालाय, म्हणून खपला न्हाई. तरी पण आभार."

लोक पोट धरून हसले. अध्यक्षांना हसावं की रडावं कळेना.

घरी आल्यावर मात्र नाना विचारात पडले. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. "ताई, मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, दगड घ्या, घरच्या घरी धार लावा. एकानं घेतला न्हाई. कावून घेतला न्हाई?"

"कावून?"

"मलाच धार लावता येत न्हवती. इकणाऱ्यालाच म्हाईत न्हाई, घेणारा कशाला घेईल? आता शिकतो."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक अंबाजोगाईला नर्स, घरात एकटा माणूस. मला वाटलं, चांगलं आहे, वेळ जाईल. चार दिवसांचं खूळ, दुसरं काय! तेव्हा मला काय ठाऊक की हे खूळ सगळ्या गल्लीच्या बोटांवर येणार आहे.

सुरुवातीला त्यांनी दगडावर घासलेट टाकलं. कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, की दगडाला तेल लागतं. गोडं तेल महाग, म्हणून रेशनचं घासलेट. माझीच सुरी पहिली नेली. धार काही आली नाही, पण आमच्या घरी आठवडाभर मेथीला घासलेटचा वास. आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत, ते डबा उघडून म्हणायचे, "आज भाजी पेटव, मग खातो."

मग घासलेटाच्या जागी पाणी आलं. पाण्यानं घासलेटाचा वास गेला, पण सुरीचा कोन जमेना. नाना सुरी कधी इतकी उभी धरायचे की धार गोल व्हायची, कधी इतकी आडवी की धारेऐवजी सुरीचं पोटच घासून निघायचं. एका बाईची सुरी त्यांनी अशी घासली की तिनं ती पुढं पोळ्या उलटायला वापरली. आणि ऐकून घ्यायची तयारी तर अजिबात नाही. "चूक माझी हाय, पण दगड शिकवतोय," म्हणायचे आणि दुसऱ्या घरची सुरी मागायला जायचे.

शिकले मात्र. हे मान्य करावंच लागेल. एके दिवशी दुपारी ओरडतच रस्ता ओलांडून आले, "ताई, मिशी आली! मिशी आली!"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मिशी होती तशीच होती.

"माझी न्हाई, सुरीची! हात लावा. असा न्हाई, आडवा. दमानं."

सुरीची एक बाजू सारखी घासत राहिलं की लोखंडाची अगदी बारीक कड दुसऱ्या बाजूला वळते. डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठा आडवा फिरवला की खरखर लागते. तिला नानांनी मिशी नाव ठेवलं होतं. मिशी आली म्हणजे ही बाजू झाली, आता सुरी उलटी करायची. मग दगडाची मऊ बाजू, हलक्या हातानं. शेवटी नोकरीतला चामड्याचा पट्टा दाराच्या कडीला बांधून त्याच्यावर सुरी मागं मागं ओढायची, की मिशी साफ. सुरीची पाठ दगडापासून किती वर? करंगळीच्या नखाएवढी. हे सगळं मला पाठ आहे, कारण नानांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतसुद्धा कोन चुकणार नाही. आजही आमच्या घरची सुरी मीच लावते.

खरी फजिती पुढं झाली. सुऱ्यांना धार आली, पण बायांच्या हातांना कुठं ठाऊक? वर्षानुवर्षं जोर लावून चिरायची सवय. त्याच जोरानं नवी धार लावलेली सुरी कांद्यावर ठेवली, की कांदा तर गेलाच, पण खालचं बोटही. त्या महिन्यात गल्लीत ज्या बाईकडं बघावं तिच्या बोटाला चिंधी. हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या बसलो तर वाटावं, पट्ट्या बांधायचाच कार्यक्रम आहे. एकीनं सरळ सांगितलं, "नाना, माझी बोथट करून द्या परत." नाना दुखावले. "सुरी चोख हाय. तुमचा हात चोख करा," म्हणाले.

धार तपासायला ते डाव्या हाताचे केस काढायचे. मनगटापासून कोपरापर्यंत हात गुळगुळीत; उजवा हात मात्र होता तसा दाट. लेकीला भेटायला दवाखान्यात गेले तेव्हा तिथल्या एका पोरीनं त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, "आजोबा, ऑपरेशन ह्याच हाताचं ना?" केस संपले तेव्हा नानांची नजर पेपरवर गेली. धारदार सुरी पेपर हवेत धरून चिरते, कुठं अडकत नाही. आमचे हे बीडहून पेपर आणायचे आणि आम्ही वाचायच्या आत नाना त्याच्या पट्ट्या करायचे. सरकारनं दुष्काळ जाहीर केला ती बातमी मी अशीच वाचली. जिल्ह्याचं नाव एका पट्टीत, तालुके दुसऱ्या पट्टीत, आणि मदत काय मिळणार ती पट्टी नानांच्या घरी.

पुढं पुढं त्यांची मिजास वाढली. लग्नाच्या पंगतीला गेले तर आधी आचाऱ्याच्या मागं जाऊन उभे राहायचे. "ही सुरी न्हाई, निस्ती पट्टी हाय," म्हणायचे आणि नवरदेव मांडवात यायच्या आत आचाऱ्याच्या सगळ्या सुऱ्या लावून द्यायचे. सायकलवर चाक लावून धारवाला गावात आला की त्याच्यामागं हिंडायचे आणि त्याच्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "ह्यो धार लावत न्हाई, सुरी खातो. ठिणग्या उडत्यात त्या तुमच्याच सुरीच्या हायत." तो धारवाला पुन्हा आमच्या गावाला आला नाही.

सगळ्या गावाच्या सुऱ्या चोख झाल्या. एक सोडून.

ती एक सुरी नानांच्या भिंतीला लागून होती.

नानांचा धाकटा भाऊ बापू शेजारीच राहतो. दोन्ही घरं पूर्वी एकच होती. वाटण्या झाल्या, मध्ये भिंत आली, पण दोघांच्या स्वयंपाकघरांमध्ये एक दार मुद्दाम ठेवलेलं. नानांची बायको गेल्यावर त्याच दारानं त्यांचं ताट यायचं. मग गावच्या सोसायटीची निवडणूक लागली आणि बापू उभा राहिला.

आता मतदान गुप्त असतं. कुणी कुणाला मत दिलं हे ब्रह्मदेवालासुद्धा कळत नाही. पण नाना पडले नाना! मत टाकून बाहेर आले, हॉटेलात बापू चार माणसांत चहा पीत बसला होता, तिथं गेले आणि म्हणाले, "बापू, मी तुला मत दिलं न्हाई. तू भाऊ म्हणून चोख हायस, पण तुला हिशेब जमत न्हाई. घरात किती पोती हायत ते तुला म्हाईत नसतं, सोसायटी काय बघशील?" कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं.

संध्याकाळी निकाल लागला. बापूला आणि समोरच्याला सारखीच मतं. चिठ्ठी टाकली. चिठ्ठी समोरच्याची निघाली.

एका मतानं बापू निवडून आला असता, आणि ते एक मत कुणाचं हे सगळ्या हॉटेलनं ऐकलेलं. बापू घरी आला, गवंड्याला बोलावलं आणि मधलं दार विटा लावून बुजवून टाकलं. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. समोरासमोर आले तर एकजण थांबून चप्पल झटकायचा आणि दुसरा निघून जायचा. माझं स्पष्ट मत होतं की दोघांच्याही एक-एक कानाखाली द्यावी, पण वयानं मोठे, काय करणार.

दार बुजवलं ते एकेरी विटेचं. भिंत जाड, पण तेवढाच तुकडा पातळ. त्यातून पलीकडच्या स्वयंपाकघराचा आवाज अलीकडं स्वच्छ यायचा. मी पाणी द्यायला गेले की नाना बोट वर करून मला गप्प करायचे.

पलीकडून यायचं, ठक्. ठक्. ठ्याप. ठक्.

"आयका! कांदा चिरत न्हाई ही, कांदा कुटतीया. सुरीला धार न्हाई म्हणून मनगटानं रेटतीया. एखाद दिशी सटकून बोटात घुसंल."

ही म्हणजे सुलाबाई, बापूची बायको. ती माझ्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तिथली सुरी नानांनी लावलेली, त्यामुळं दिवसा ती लोण्यासारखं चिरायची आणि घरी जाऊन कुटत बसायची. तिचं मनगट सुजायला लागलं होतं. पण बापूनं बजावलं होतं, "त्याचा हात मताला लागला न्हाई, माझ्या सुरीला लागायचं काम न्हाई." आणि नाना थोरले दीर, चांगले दिवस होते तेव्हासुद्धा ती त्यांच्यासमोर पदर ओढून भिंतीकडं तोंड करायची. ती काय बोलणार?

"तुम्ही जाऊन बापूला सांगा की," मी नानांना म्हणायची.

"ते जमायचं न्हाई."

"मग ऐकता कशाला? बाहेर येऊन बसा."

"ऐकत कुठं हाय? ऐकू येतंय," म्हणायचे आणि तिथंच बसायचे.

त्यांचा तो कान काय तयार झाला होता! "आज भोपळा हाय, जोर लागतोय." "आज निस्ता कांदा. भाजी न्हाई आणली वाटतं बाजारातनं." "आज काहीच न्हाई, कुणाचं तरी पोट बिघडलंय." मी दुसऱ्या दिवशी सुलाला विचारलं तर खरंच बापूचं पोट बिघडलेलं. मला हसू यायचं. मी तर सगळ्या गावात नानांची नक्कल करून दाखवायची.

त्या उन्हाळ्यात चारा छावणी उघडली. एका सहकारी संस्थेनं माळावर मांडव घातले, गावोगावची जनावरं तिथं नेऊन बांधली, आणि जनावरांमागं माणसंही गेली. बापू आपले दोन बैल आणि गाय घेऊन छावणीतच राहायला गेला. मधूनच एखाद्या दिवशी, छावणीतल्या शेजाऱ्याला जनावरांवर लक्ष ठेवायला सांगून, तो दिवेलागणीला घरी यायचा आणि पहाटे धारा काढायला परत. गल्लीत कुणाला दिसायचासुद्धा नाही.

तेवढ्यात सुलानं डाव साधला. एका दुपारी अंगणवाडीत मुलं झोपल्यावर तिनं पदराखालून सुरी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "ताई, तुमची म्हणून द्या. आता न्हाई सोसत."

सुरीची दशा बघवत नव्हती. मुठीची पितळी पट्टी सैल, धारेला जागोजाग खाचा. मी ती नानांच्या पुढं ठेवली आणि खुशाल म्हटलं, "माझी आहे."

नानांनी हात लावला नाही. नुसतं बघितलं. "तुमच्याकडं तीन सुऱ्या हायत. ही चौथी."

"नवी घेतली."

"नवी सुरी इतकी कष्टी नसती, ताई."

एवढंच. पुढं एक प्रश्न नाही. मी तांदळाचं पाणी पुढं केलं तर म्हणाले, "असू द्या." उठले, आणि प्यायच्या माठातलं पाणी वाडग्यात ओतलं. त्या दिवसांत! मी बघतच राहिले. एरवी नानांचं तोंड दगडापेक्षा जास्त चालायचं. मिशी आली, कोन बघा, दमानं. त्या दिवशी एक शब्द नाही. आधी खरबरीत बाजूवर एक एक खाच काढली, मग मऊ बाजू, मग पट्टा, मग परत मऊ बाजू. मुठीची पट्टी ठोकून घट्ट केली. दुपारी बसले ते उन्हं उतरली तेव्हा उठले. हातावर घासून बघितली नाही, पेपर मागितला नाही. फडक्यात गुंडाळून माझ्यापुढं ठेवली.

"सांगा, हिला दाबायचं न्हाई. निस्ती ठिवायची, आपली आपण जाती. पयले चार दिस बोटं जपायची."

"कुणाला सांगू?" मी मुद्दाम विचारलं.

"तुमालाच सांगतोय. दुसरं कोण हाय हितं?" म्हणाले आणि वाडगं विसळायला गेले.

सुला दुसऱ्या दिवशी फुलून आली. "ताई, भोपळ्यावर ठेवली अन् पार खाली! मला वाटलं चिरलाच न्हाई. अन् आवाज म्हणून न्हाई!" तिचं मनगट महिन्याभरात बरं झालं. मला वाटलं, झालं, मोठं काम केलं आपण.

मात्र नानांचं काहीतरी बिनसलं. पाणी न्यायला येईनात. ओट्यावर दगड कोरडा पडलेला. कुणी सुरी घेऊन आलं तर "उद्या या." लग्नाचं आमंत्रण आलं तर गेले नाहीत, आचाऱ्याचा जीव वाचला. मी दोन-चार दिवस वाट बघितली आणि मग पाण्याची बादली घेऊन सरळ आत घुसले.

नाना स्वयंपाकघरात बुजवलेल्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसले होते. पुढं ताटलीत अर्धी भाकरी, तशीच.

"तब्येत बरी नाही का?"

"चांगली हाय."

"मग असं काय बसलात?"

त्यांनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "ताई, बापू काल आलता का?"

निवडणुकीनंतर त्यांच्या तोंडून मी बापूचं नाव पहिल्यांदा ऐकलं. "मला काय माहीत? अंधारात येतो, अंधारात जातो."

"मला म्हाईत असायचं," नाना म्हणाले. "तो आला की ती कांदा जास्त चिरती. लई वेळ वाजायचं. त्याला चिरलेला कांदा लागतो वरून, ल्हानपणापासून. मग मला कळायचं, आला. मग मी पण भाकर घिऊन हितंच बसायचो. तो तिकडं जेवायचा, मी हिकडं."

मी बादली खाली ठेवली.

"आता काहीच ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "तो येतो का न्हाई, बरा हाय का न्हाई, काय कळायला मार्ग न्हाई. लई चोख धार लागली. माझ्याच हातानं लागली."

ह्या माणसाच्या नकला मी गावभर केल्या होत्या, आणि हा इथं रोज भावाबरोबर जेवत होता. पण मला रडूबिडू आवडत नाही, म्हणून मी चिडून बोलले. "मग परत बोथट करून देऊ का आणून?"

आणि तुम्हाला सांगते, नानांनी त्याच्यावर खरोखर विचार केला. मग मान हलवली. "नगं. सुलाचं मनगट दुखतं."

"मग दार वाजवा त्याचं! रस्त्यानं जा. काय कोस-दोन कोस आहे?"

"काय म्हणून वाजवू? मी मत दिलं न्हाई ते बरोबरच होतं. उद्या परत उभा राह्यला तरी देणार न्हाई."

"मत कोण मागतंय तुम्हाला? भाऊ आहात ना? भावासारखं काहीतरी विचारा."

"काय विचारू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. तेही मीच सांगू का?" मी म्हटलं आणि बादली तिथंच ठेवून आले. रागात आले, पण रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी दिवेलागणीला मी ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते. बापू छावणीतून आला. धोतराला शेण लागलेलं, दाढी वाढलेली, पार वाळून गेला होता. आपल्या दारातल्या दगडावर उभा राहून तांब्यातल्या पाण्यानं हात-पाय धुवायला लागला.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. नाना बाहेर आले. धुतलेला सदरा, टोपी, हात मोकळे. मी सूप हलवायची थांबले. नाना बापूच्या दारापर्यंत गेले आणि उभे राहिले. ज्यांनी माईकवर अध्यक्षाची लाज काढली, सगळ्या हॉटेलासमोर भावाला सुनावलं, त्यांना एक शब्द सुचेना.

बापूनं मान वर केली. "काय?"

"आज..." नानांनी घसा खाकरला. "आज कशाची भाजी हाय?"

आतून सुला दाराशी आली, नानांना बघून तिनं पदर ओढला आणि चौकटीला धरून तशीच उभी राहिली. आत चूल धुपत होती तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"दोडका," बापू म्हणाला. मग पाय झटकत म्हणाला, "तुला चालत न्हाई."

"चालतो आता," नाना म्हणाले.

बापूनं तांब्यात वाकून बघितलं. तळाला थोडं पाणी शिल्लक होतं. त्यानं तांब्या पुढं केला.

"मग पाय धू."